किंगॅम्बिटवर बंदी घालायची का? (रविवारची सिंगल्स स्पर्धा, नियमांची चर्चा)

नियमवाला_कोथरूड

मंडळी, रविवारचे नियम शुक्रवारी रात्री १० ला कुलूपबंद होतील, त्यानंतर कुणाचंही ऐकलं जाणार नाही. चौकट ठरलेली आहे: पोकेमॉन स्कार्लेट-व्हायोलेट, ६ विरुद्ध ६ सिंगल्स (मैदानात एकावेळी दोघांचा एकेकच पोकेमॉन, म्हणजे मॉन), शोडाउन या ऑनलाइन सिम्युलेटरवर, खेळाडूंच्या स्मॉगन या गटाच्या ओयू यादीच्या (कुठले मॉन चालतात ती) पायावर. २४ खेळाडू, स्विसच्या (हरलेलाही बाहेर जात नाही) ५ फेऱ्या, प्रत्येक फेरी ३ पैकी २ डावांची. फेरीला ५० मिनिटं धरली तरी चार तास दहा मिनिटं होतात आणि हॉलच्या दारावर 'वेळ संपल्यावर पंखे बंद केले जातील' अशी पाटी आहे. ती विनोदाने लावलेली नाही.

प्रश्न एकच उरलाय. किंगॅम्बिट हा डार्क-स्टील प्रकारचा मॉन ठेवायचा की काढायचा? नुसतं 'बंदी हवी' किंवा 'रडू नका' लिहिणाऱ्यांचा प्रतिसाद मोजणार नाही. काय होतं, किती होतं, कशामुळे होतं ते लिहा.

ताम्हिणी_घाट

काढा. कारण आकड्यांत देतो.

सुप्रीम ओव्हरलॉर्ड ही त्याची उपजत शक्ती, म्हणजे अ‍ॅबिलिटी. आपल्या बाजूचा जेवढा माल पडला असेल तेवढे दर मॉनमागे १० टक्के, जास्तीत जास्त ५० टक्के मूव्हची ताकद वाढते. हल्ल्याचा पाया १३५, म्हणजे अ‍ॅडमंट (हल्ला वाढवणारा स्वभाव) आणि पूर्ण ईव्ही (सरावाचे गुण) दिले की १०० व्या लेव्हलला ४०५. वर सकर पंच ही डार्क मूव्ह: ताकद ७०, प्रायॉरिटी अधिक १ (वेग कमी असला तरी आधी लागते). त्यामुळे वेगाचा पाया फक्त ५० असल्याचा तोटाच उरत नाही.

समोर साधा गार्चॉम्प घ्या, बचावात एकही ईव्ही नाही, एचपी (जीव) ३५७. डार्क त्याला ना जड ना हलका.

स्वोर्ड्स डान्स (हल्ला दुप्पट करणारी चाल) नाही, कुणी पडलेलं नाही: १३५ ते १६०. ठीक आहे, झेपतं.
एक स्वोर्ड्स डान्स, कुणी पडलेलं नाही: २७० ते ३१८. अजून जिवंत.
एक स्वोर्ड्स डान्स, तिघं पडलेले: ३४९ ते ४१२.
एक स्वोर्ड्स डान्स, चौघं पडलेले: कमीत कमी ३७८. संपला विषय.

म्हणजे डाव हरत आलेल्या माणसाला बक्षीस मिळतंय. चार मॉन घालवलेला खेळाडू पुढे असतो, हा कुठला न्याय?

पेठेतला_पंच

ताम्हिणी, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण तिसऱ्या ओळीत सगळी गंमत आहे आणि ती तुम्ही सोडून दिलीत. तिघं पडलेले असताना १६ रोलपैकी (नुकसानाचे संभाव्य आकडे) खालचे दोन, ३४९ आणि ३५४, गार्चॉम्पला मारत नाहीत. १६ पैकी १४, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के. आता गार्चॉम्प आत येताना स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला टोचणारे खडे) पडलेले असतील तर ग्राउंड असल्यामुळे त्याला सोळावा भागच लागतो, २२ एचपी. ३३५ उरतात, आणि सर्वांत खालचा रोलही पुरतो. त्या २२ एचपीसाठी डावाच्या सुरुवातीला खडे साफ केले की नाही, यावर शेवट ठरतो. याला नशीब म्हणत नाहीत. पंधरा चाली आधी केलेल्या आळसाची ती वसुली आहे.

दुसरं, 'चार घालवलेला पुढे असतो' हे अर्धसत्य. तो पुढे नसतो. त्याच्याकडे दोन मॉन असतात आणि तुमच्याकडे तीन. तुम्ही त्या तिघांना कशा क्रमाने पाठवता यावर आहे सगळं.

मस्तानी_बिनआईस्क्रीम

किंगॅम्बिट एकदा आत आला की जसजसे मॉन पडतील तसतशी ताकद वाढत जाते का? मी तसंच समजत होते.

पेठेतला_पंच

नाही, आणि हा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे. मोजणी होते ती तो मैदानात पाऊल टाकतो त्या क्षणी. दोन पडलेले असताना आला तर तो मैदानात असेपर्यंत २० टक्केच. मागे जाऊन परत आला की मोजणी नव्याने.

यातून एक व्यवहारी चूक निघते. स्वोर्ड्स डान्स मारलेल्या किंगॅम्बिटला व्हर्लविंडने हाकलायचा मोह होतो. वाढलेला हल्ला जातो हे खरं, पण मधल्या काळात त्याचे आणखी दोन मॉन पडले तर तो परत येताना २० टक्के जास्त घेऊन येतो. हाकलायचं असेल तर लगेच पुढच्या दोन-तीन चालींत त्याला परत आत यायला भाग पाडायची तयारी हवी. नाहीतर शिळ्या कढीला ऊत आणल्यासारखं होतं.

खडकवासला_ओव्हरफ्लो

फायटिंग मूव्ह चौपट लागते की त्याला! डार्क आणि स्टील दोन्ही. ग्रेट टस्क प्रत्येक टीममध्ये असतोच. क्लोज कॉम्बॅट मारा, घरी पाठवा. एवढी चर्चा कशाला?

ताम्हिणी_घाट

@खडकवासला, टेरा (डावात एकदा एका मॉनचा प्रकार बदलता येतो) विसरलात.

किंगॅम्बिट टेरा डार्क झाला की स्टील गेलं, चौपटीचं दुप्पट झालं. एचपीमध्ये २५२ ईव्ही दिलेला किंगॅम्बिट, ४०४ एचपी. जॉली (वेग वाढवणारा स्वभाव) ग्रेट टस्कचं क्लोज कॉम्बॅट: ३३८ ते ३९८. पूर्ण तब्येतीचा असेल तर एकही रोल मारत नाही. एकही नाही! स्टेल्थ रॉकने आत येतानाच २५ गेले असतील (तेव्हा तो अजून स्टील असतो, म्हणून सोळावा भाग) तर १६ पैकी ५ रोल मारतात. आणि उलट बाजूने, टस्कला डार्क अर्धंच लागतं म्हणून निवांत बसाल तर पाच पडलेले, एक स्वोर्ड्स डान्स आणि टेरा डार्क या अवस्थेत सकर पंच टस्कचे ५५ ते ६५ टक्के काढतो. अर्धं लागत असताना!

टेरा घोस्ट असेल तर क्लोज कॉम्बॅट लागतच नाही. टेरा फ्लाइंग असेल तर फायटिंग अर्धं आणि भूकंपही गेला. आता तुम्ही कुठल्या टेरासाठी खेळणार?

खडकवासला_ओव्हरफ्लो

बरं. शब्द मागे.

वनाज_ते_रामवाडी

बाकीच्या खेळांत काय झालं ते बघूया, म्हणजे मोजपट्टी मिळेल.

सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बोमधला अकुमा, १९९४. हवेतून खाली फेकलेल्या आगगोळ्याला बहुतेक पात्रांकडे उत्तरच नव्हतं. बंदी, आणि त्यावर कुणी फारसा वाद घालत नाही. स्मॅश ब्रॉस ब्रॉलमधला मेटा नाइट: खेळ २००८ चा, अमेरिकेतल्या आयोजकांच्या समितीने बंदीचा निर्णय घेतला २०११ मध्ये, म्हणजे तीन वर्षं घासाघीस. टेकन ७ मधला लीरॉय तर ताजाच: डिसेंबर २०१९ मध्ये आला आणि जानेवारी २०२० च्या ईव्हो जपानमध्ये शेवटच्या आठांत सहा लीरॉय. तिथे बंदीची वेळ आली नाही, कारण कंपनीने पॅच काढून त्याला खाली आणलं.

आपल्या बाबतीत शेवटचं उदाहरण लागू नाही. अधिकृत स्पर्धा डबल्सच्या असतात, सहातून चार निवडायचे, लेव्हल ५०. कंपनी संतुलन बघते ते त्या खेळाचं. ६ विरुद्ध ६ सिंगल्ससाठी पॅच येईल म्हणून वाट बघणं म्हणजे पीएमपीएमएलच्या बसची वाट बघण्यासारखं. इथे जे करायचं ते खेळणाऱ्यांनीच. म्हणूनच स्मॉगनने २०१९ च्या डिसेंबरात डायनामॅक्स सरसकट काढलं.

मोजपट्टी माझ्या मते अशी: पात्र जिंकतं का, हा प्रश्न नाही. त्याला उत्तर देण्यासाठी टीमचे सहापैकी किती कप्पे अडकतात, हा प्रश्न आहे. एक कप्पा अडकत असेल तर ती तयारी झाली. तीन अडकत असतील तर तो रोग.

मस्तानी_बिनआईस्क्रीम

मग हाउंडस्टोनशी तुलना करा ना, तो जवळचा नातेवाईक आहे. लास्ट रिस्पेक्ट्स मूव्हची ताकद ५०, आणि पडलेल्या दर मॉनमागे आणखी ५०. पाच पडले की ३००! वाळूचं वादळ असेल तर सँड रशने वेग दुप्पट. गेम २०२२ च्या नोव्हेंबरात आला आणि थोड्याच काळात हाउंडस्टोन ओयूबाहेर. त्याच्या तुलनेत किंगॅम्बिटचे ५० टक्के म्हणजे ७० चे १०५. कल्पना तीच, पण मीठ चवीपुरतं.

ताम्हिणी_घाट

चवीपुरतं? लास्ट रिस्पेक्ट्सला प्रायॉरिटी नव्हती.

डेक्कनचा_डोंडोझो

नावाला जागून लिहितो. अनअवेअरवाल्यांनी फार खूश होऊ नये. अनअवेअर समोरच्याचे स्वोर्ड्स डान्स दुर्लक्षित करतं, कारण ते हल्ल्याच्या टप्प्यांत मोजलं जातं. सुप्रीम ओव्हरलॉर्ड मूव्हच्या ताकदीला लागतं, त्याला अनअवेअर शिवतही नाही.

इम्पिश (बचाव वाढवणारा स्वभाव), एचपी आणि बचाव पूर्ण भरलेला डोंडोझो, ५०४ एचपी. किंगॅम्बिटचं कौटौ क्लीव्ह (८५ ताकद, चुकत नाही) कुणी पडलेलं नसताना २० ते २४ टक्के. पाच पडलेले असताना ३० ते ३६. टेरा डार्क करून ४० ते ४८. पहिल्या अवस्थेत रेस्ट मारून (पूर्ण बरं होऊन) झोपलात तरी दोन चाली झोपेत निघतात आणि अंगात दम उरतो. शेवटच्या अवस्थेत दोन झोपेच्या चालींत ८० ते ९६ टक्के गेले. जागे व्हाल तेव्हा बॉडी प्रेस मारायला जेमतेम नावापुरता डोंडोझो असेल. म्हणून डोंडोझो मधल्या डावात किंगॅम्बिटला अडवतो, शेवटी नाही. त्याला शेवटासाठी राखून ठेवणं हीच चूक.

पेठेतला_पंच

हे वाचून सगळ्यांनी एकदा सकर पंच नीट समजून घ्यावा, कारण बंदीचं खरं मूळ तिथे आहे.

सकर पंच लागतो कधी? समोरच्याने हल्ल्याची मूव्ह निवडली असेल आणि ती अजून झाली नसेल तरच. स्टेटस मूव्ह (हल्ला नसलेली) निवडली, स्विच केलं, तर स्टेटसवर तो फसतो आणि स्विचवरही फसतो. पीपी (किती वेळा वापरता येते) ५, पीपी अप लावून ८.

आता शेवटची जोडी डोळ्यांपुढे आणा. तुमचा एक वेगवान मॉन, त्याच्याकडे एक जीवघेणा हल्ला आणि एक विल-ओ-विस्प (समोरच्याला जाळणारी मूव्ह). समोर किंगॅम्बिट. तुम्ही हल्ला केला आणि त्याने सकर पंच, तुम्ही गेलात. तुम्ही हल्ला केला आणि त्याने कौटौ क्लीव्ह, तो गेला, कारण तुम्ही आधी मारलं. तुम्ही विस्प टाकलं आणि त्याने सकर पंच, तो फसला आणि जळाला, हल्ला निम्मा. तुम्ही विस्प टाकलं आणि त्याने क्लीव्ह, तुमचं विस्प आधी लागलं, क्लीव्ह निम्म्याने बसलं. चार घरांपैकी तुमच्या तोट्याचं घर एकच! विस्प शंभरात ८५ वेळाच लागतं आणि टेरा फायर असेल तर लागतच नाही, हे हिशेबात धरूनही.

पण तुमच्या मॉनकडे चारही मूव्ह हल्ल्याच्या असतील, किंवा अंगावर चॉइस स्कार्फ (वेग वाढवतो, पण एकाच मूव्हला बांधतो) असेल, तर चार घरांचं एकच घर होतं आणि तेही त्याचं. तिथे अंदाजच नाही, नुसतं मरण. बहुतेक तक्रारी अशा टीमवाल्यांच्या असतात. चार हल्ले घेऊन यायचं आणि मग 'पन्नास-पन्नासचा जुगार' म्हणायचं.

एक मूव्ह बदलून बघा. गार्चॉम्पला स्टेल्थ रॉक किंवा सबस्टिट्यूट. वेगवान मॉनला एन्कोर: त्याने स्वोर्ड्स डान्स मारला की पुढची चाल एन्कोर, आणि तो नाचतच राहतो. ड्रॅगनाइटचा एक्स्ट्रीमस्पीड प्रायॉरिटी अधिक २ आहे, सकर पंचच्या आधी जातो. स्टीलवर अर्धाच लागतो, पण अर्धमेल्याला पुरतो. सायकिक टेरेनमध्ये जमिनीवरच्या मॉनवर प्रायॉरिटी चालतच नाही.

वनाज_ते_रामवाडी

हे सगळं मान्य. पण पंच, तुमच्याच उत्तरात एक ओळ सहज निघून गेली: 'टेरा फायर असेल तर'. टस्कच्या वेळी टेरा डार्क, घोस्ट, फ्लाइंग. विस्पच्या वेळी फायर. प्रत्येक उत्तराच्या शेपटीला 'टेरा अमुक नसेल तर' लागतंय. म्हणजे सकर पंचचा अंदाज हा एक, तो खेळातलाच आहे, वाचून खेळता येतो. त्यावर टेराचा अंदाज हा दुसरा, आणि तो वाचता येत नाही, कारण वाचायला काहीच समोर नसतं. हा खरा त्रास आहे असं वाटतं.

मस्तानी_बिनआईस्क्रीम

फक्त अ‍ॅबिलिटीवर बंदी घालता येईल का? डिफायंटवाला किंगॅम्बिट ठेवायचा, सुप्रीम ओव्हरलॉर्डवाला काढायचा.

नियमवाला_कोथरूड

तांत्रिकदृष्ट्या येईल. पण एकाच मॉनसाठी असे अर्धवट नियम करायला लागलं की थांबायचं कुठे? स्मॉगनने पाचव्या पिढीत ड्रिझल (पाऊस आणणारी अ‍ॅबिलिटी) आणि स्विफ्ट स्विम (पावसात वेग दुप्पट) एका टीममध्ये नको असा नियम केला होता आणि तो नियम बरा की वाईट यावर त्यानंतर लोक वर्षानुवर्षं भांडले. शॅडो टॅगसारखी (समोरच्याला मागे जाऊ न देणारी) अ‍ॅबिलिटी काढणं वेगळं, ती ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे त्रासदायकच असते. सुप्रीम ओव्हरलॉर्ड एकाच मॉनकडे आहे. म्हणजे बंदी मॉनवरच, फक्त नाव वेगळं. जावयाला नको म्हणायचं आणि त्याच्या ताटाला हो म्हणायचं, तसला प्रकार.

डेक्कनचा_डोंडोझो

आणि ओयू म्हणजे 'ताकदवानांची यादी' नाही, हेही एकदा सांगून टाका कुणीतरी. वापरावरून ठरते ती. ४.५२ टक्के हा आकडा अशासाठी की तेवढा वापर असलेला मॉन १५ डावांत एकदा तरी भेटण्याची शक्यता निम्मी. बंदीचा मार्ग वेगळा: सस्पेक्ट टेस्ट, पात्र खेळाडूंचं मतदान आणि ६० टक्के. 'सगळे वापरतात' हे बंदीचं कारण कधीच नव्हतं.

ताम्हिणी_घाट

मग वनाजने म्हटलेलं करा. टेरा दाखवा.

म्हणजे असं: टीम प्रीव्ह्यूमध्ये सहा मॉनसोबत प्रत्येकाचा टेरा प्रकारही दोघांना दिसेल. अधिकृत डबल्समध्ये टीमची पूर्ण यादी समोरच्याला देतात, त्यात टेराही असतो, तर आपण फक्त टेरा तरी दाखवूच शकतो. मूव्ह आणि आयटम झाकलेलेच राहू देत.

माझी बंदीची मागणी याच्यावर मागे घेतो. टेरा डार्क आहे हे पहिल्या चालीपासून माहीत असेल तर टस्कवर विसंबायचं नाही, किंगॅम्बिटची तब्येत आधीच किमान ६६ एचपीने उतरवायची, हे ठरवता येतं. टेरा घोस्ट दिसला तर फायटिंगऐवजी भूकंप राखायचा. जॉली गार्चॉम्पचा भूकंप स्टील असलेल्या किंगॅम्बिटला २८२ ते ३३२ लागतो. घोस्ट झाल्यावर ग्राउंड साधं लागतं, म्हणजे त्याच्या निम्मंच, १४१ ते १६६. तेव्हा तो घोस्ट व्हायच्या आधी मारायचा हेही कळतं.

खडकवासला_ओव्हरफ्लो

एक शंका. टेरा दाखवल्याने किंगॅम्बिटचं नुकसान होईल, पण बाकी सगळ्यांचंही होईल ना? ज्याने अनपेक्षित टेरावर टीम बांधलीय त्याने काय करायचं?

पेठेतला_पंच

होईल. कोंडलेला ड्रॅगनाइट अचानक स्टील होऊन निसटतो, ती मजा कमी होईल. मला स्वतःला तो तोटा मोठा वाटतो आणि माझं मत 'काहीच बदलू नका' असंच आहे. पण मॉन काढण्यापेक्षा हे शंभरपट बरं. किंगॅम्बिट काढला तर त्याच्या धाकाने गप्प बसलेले घोस्ट आणि सायकिक मॉन डोकं वर काढतील, ड्रॅगापल्टचं उदाहरण घ्या: त्याच्यावर साधा सकर पंच, ना कुणी पडलेलं ना स्वोर्ड्स डान्स, ३३० ते ३९०, आणि त्याचे एचपी ३१७. हा पहारेकरी हटवलात तर पुढच्या महिन्यात ड्रॅगापल्टचा धागा निघेल.

नियमवाला_कोथरूड

ठरलं. किंगॅम्बिट राहील, टेरा दिसेल.

लावायचं कसं ते लिहून ठेवतो, सरावासाठीही हेच वापरा. शोडाउनवर आव्हान देताना ओयूच्या नावाला लागून, मध्ये जागा न सोडता, तीन ॲट-चिन्हं टाकायची आणि पुढे 'टेरा टाइप प्रीव्ह्यू' हे नियमाचं नाव इंग्रजीत. आणखी नियम जोडायचा असेल तर स्वल्पविराम. एखादा मॉन काढून बघायचा असेल तर त्याच्या नावाआधी वजाचं चिन्ह, परत आणायचा असेल तर अधिकचं. नावात एक अक्षर चुकलं की शोडाउन आव्हानच पाठवत नाही, तेव्हा 'चालत नाही' असा फोन करण्याआधी स्पेलिंग बघा.

डाव सुरू झाल्यावर टायमर दोघांपैकी कुणीही चालू करावा, त्यात अपमान मानू नये. प्रीव्ह्यूमध्ये टेरा दिसत नसतील तर पहिली चाल न करता हात वर करा. चाल झाल्यावरची तक्रार ऐकली जाणार नाही.

मस्तानी_बिनआईस्क्रीम

ओगरपॉनचं काय? तिचा टेरा तर मुखवट्यावरूनच ठरतो.

नियमवाला_कोथरूड

हो, वेलस्प्रिंग असेल तर वॉटर, कॉर्नरस्टोन असेल तर रॉक. तो आधीपासून उघडाच आहे, तिला काही फरक नाही. हार्थफ्लेम ओयूत बसत नाही, तो आणू नका.